मागून येणारी काठी

अकोटहून अंजनगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला दोडक्याकारल्याचे मांडव दिसतात. त्यातला शेवटला मळा सहदेवभाऊंचा. त्यांची बायको माणिकबाई नर्मदामाईची परिक्रमा पायी पुरी करून आली, तेव्हा गल्लीतल्या बायांनी दारातच तिच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि एकेकीनं वाकून नमस्कार केला. माणिकबाई नुसती उभी होती. पाया पडून घ्यायचं तिच्या अंगवळणी नव्हतं. सारा जन्म तिचा सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधण्यात आणि वांग्यांवरची कीड वेचण्यात गेलेला. पण त्या दिवशी ती अवघडली ती त्यामुळे नव्हे. तिच्या हातात दोन काठ्या होत्या, आणि बाया एकीलाच नमस्कार करत होत्या.

दुसरी काठी मनकर्णाबाईची होती.

मनकर्णाबाई म्हणजे त्याच गल्लीतली, बस स्टँडजवळ पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या अंकुरची माय. माणिकबाईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. परिक्रमेचं खूळ आधी तिच्या डोक्यात शिरलं, मग तिनं ते माणिकबाईच्या डोक्यात घातलं. दिवाळी झाल्यावर दोघी ओंकारेश्वरला गेल्या, दक्षिण काठावर संकल्प सोडला, आपापली कुपी नर्मदेच्या पाण्यानं भरली आणि चालू लागल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परिक्रमेत नदी नेहमी उजव्या हाताला ठेवायची. काठाकाठानं समुद्रापर्यंत जायचं, तिथून नावेनं पलीकडच्या काठाला, मग वर अमरकंटकला उगमाला वळसा घालून पुन्हा जिथून निघालो तिथं. मध्ये कुठंही नदी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित झाली. आणि सोबत ती पाण्याची कुपी. रोज तिची पूजा करायची, आणि शेवटी ते पाणी महादेवाला वाहायचं. कुपी वाहिली की चालणं पुरं झालं.

मनकर्णाबाईचं पुरं झालं नाही. हंडियाच्या थोडं पुढं, फागुनाच्या उन्हात, एका पळसाखाली ती बसली. पळस नुसता पेटलेला होता. रोजचा त्यांचा शिरस्ता असा होता, की माणिकबाईनं पुढं जायचं, आश्रमात किंवा देवळात जागा धरायची, चहा टाकायचा. मनकर्णाबाई मागून यायची. तिच्या काठीला बुडाशी लोखंडी शेंबी होती आणि तिचा डावा पाय जरा ओढत असे. त्यामुळे एक ठोका जोराचा पडे, एक हलका. टक्, टिक्. टक्, टिक्. तो आवाज पाठीशी असला की माणिकबाईला मागं बघायची गरज पडत नसे.

त्या दिवशी मनकर्णाबाई म्हणाली, "तू हो पुढं, माणिक. मी येतोच मांगून. अन् मांगं पाहू पाहू चालू नको, मान दुखन तुही."

"दम खाऊन घे मंग, घाई नाई," माणिकबाई म्हणाली आणि निघाली.

आश्रमात पोचून तिनं चहा उकळला, गाळला, झाकून ठेवला. चहा निवला. तिनं परत तापवला. तेवढ्यात बाहेर शेंबीचा आवाज आला, म्हणून ती पेला घेऊनच दारात गेली. एक शेरडं राखणारा म्हातारा काठी टेकत येत होता. "माई, ये डंडा किसका है?" त्यानं विचारलं. पुढं त्याला काही बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुर जीप करून आला. काठावरच अग्नी दिला, राख तिथंच पाण्यात सोडली. माणिकबाई त्याच्यासोबत परत निघाली होती. पिशवीसुद्धा बांधली होती. अंकुरनंच नाही म्हटलं. "तुमी नका वापस येऊ, काकू. मायची बाटली संग घेऊन जा. मी ओंकारेश्वरले येतो अन् माह्या हातानं वाहतो." म्हणून तिनं पिशवीची गाठ सोडली, दोन कुप्या घेतल्या, दोन काठ्या घेतल्या आणि राहिलेली वाट एकटीनं चालली.

आता परत आल्यावर पिशवी उघडली तेव्हा सून करिश्मा, सागरची बायको, समोर बसली होती. एकेक वस्तू बाहेर येत होती आणि करिश्मा तिची जागा ठरवत होती. नदीतले गुळगुळीत गोटे देव्हाऱ्यात. तांब्या तुळशीपाशी. घोंगडी उन्हात. माणिकबाईची कुपी देवापुढं, कारण ती वाहून झाल्यावर नर्मदेच्याच पाण्यानं परत भरून आणलेली. मग दुसरी कुपी निघाली, झाकणाला लाल दोरा बांधलेली.

"हे तं तशीच भरेल हाय, आई."

"अंकुरची हाय. त्याले याले जमलं नाई ना, पोरीले ताप होता त्याच्या. म्हने घरी आना, मी मंग जाऊन वाहीन."

"मंग त्याले देऊन देऊ ना."

"देऊ," माणिकबाई म्हणाली, आणि कुपी आपल्या लुगड्यांच्या घडीखाली पेटीत ठेवून दिली.

करिश्माला ते जरा विचित्र वाटलं. देवाचं पाणी कोणी पेटीत ठेवतं का? 

तीन आठवडे गेले. परिक्रमा करून आलं की मावंदं घालावं लागतं. आणलेल्या पाण्याची पूजा, नातेवाईक, गल्ली, पंगत. सहदेवभाऊ रोज विचारत, "सागरची माय, तारीख सांग ना. लोकं मले वाटंत धरून पुसून राहिले." माणिकबाई रोज काहीतरी सांगे. गुरुवार जाऊ द्या. अमावस्या जाऊ द्या. माह्या पायाचे फोड जाऊ द्या. पायाचे फोड केव्हाच बसले होते.

तिला होत होतं ते वेगळंच. सकाळी झुंजुमुंजू व्हायच्या वेळी ती मळ्यात निघाली की विहिरीपर्यंत सगळं ठीक असे. विहीर ओलांडून बांधावर चढली की मागून आवाज येई. टक्, टिक्. ती थांबली की आवाज थांबे. ती चालली की तो चाले. मान वळवायची तिची हिंमत होत नसे. मनकर्णाबाईनं मागं बघू नको म्हटलं होतं, आणि आता तिचं दुसरं काहीच ऐकायचं राहिलं नव्हतं. दुपारी भाजी निवडता निवडता ती मध्येच "हो हो, चालली मी," म्हणून उठे आणि मग उभ्याउभ्या आपण कुठं निघालो ते तिला सुचत नसे. करिश्मानं दोनतीनदा पाहिलं. एकदा तर सासू चहाचे दोन पेले भरून एक झाकून ठेवताना दिसली, तेव्हा तिनं विचारलंच.

"दुसरा कोनाले, आई?"

माणिकबाईनं पेल्याकडे पाहिलं. "पेऊन घे तू," ती म्हणाली.

काठीचा बंदोबस्त सहदेवभाऊंनी केला. ते साधे माणूस. बायको चार-साडेचार महिने नव्हती, तेव्हा त्यांनी एकट्यानं दोडक्याचा मांडव उभा केला होता, आणि त्यांना एक खांब कमी पडत होता. दाराआड उभ्या दोन काठ्यांतली शेंबीची काठी त्यांना मजबूत वाटली. ती नेऊन त्यांनी मांडवात रोवली आणि वरच्या तारेला बांधून टाकली. माणिकबाईला ते दोन दिवसांनी कळलं.  तिला वाटलं, बरं झालं, मातीत रोवली म्हणजे आता चालणार नाही.

पण मागून येणारा आवाज काही बंद झाला नाही. आणि वेल त्या काठीला धरेना.

हे आधी करिश्माच्या लक्षात आलं. बाजूच्या साऱ्या खांबांवर दोडका तारेपर्यंत चढला होता, पिवळी फुलं लागली होती. ह्या काठीपाशी आलेले सगळे ताणे परत फिरले होते, लहान लेकरानं गरम तव्यापासून हात मागं घ्यावा तसे. तिनं एक वेल सुतळीनं काठीला बांधून पाहिला. सकाळी सुतळी तशीच होती आणि वेल सुटून खाली पडला होता.

"वारं आलं असन," सहदेवभाऊ म्हणाले.

"वारं काय ह्याच वेलाले आलं काय, बाबा?"

"मंग काठीले तेलपानी लागलं असन कशाचं. वेलाले गुळगुळीत नाई चालत." पण तेही मग त्या ओळीत पाणी द्यायला शेवटी जाऊ लागले.

एका संध्याकाळी अंकुर आला. मळ्यातच खाटेवर बसला, करिश्मानं पाणी दिलं. हात अजून ग्रीसनं काळे होते. तो म्हणाला, "काकू, मावंद्याचं काय ठरोलं? मी काय म्हनतो, दोघींचं संगच करू. मायच्या नावाचं पान वाढू. पोरीले बरं हाय आता. शनिवारी मी ओंकारेश्वरले जातो, बाटली वाहून येतो, अन् सोमवारी पंगत."

सहदेवभाऊंनी मान हलवली. "हे झ्याक झालं. झालं एकदाचं नक्की."

माणिकबाई उठून घराकडे गेली. सगळ्यांना वाटलं कुपी आणायला गेली, आणि खरंच ती कुपी घेऊन आली. पण तिनं ती अंकुरच्या हातात दिली नाही. ती दोन्ही हातांत धरून खाली बसली.

"अंकुर, हे वाहता नाई येत."

"काहून?"

"ह्या बाटलीनं नदी ओलांडली."

मग तिनं सांगितलं. ओंकारेश्वरला पोचल्यावर तिनं आपली कुपी काठावरच्या ममलेश्वराला वाहिली. कन्यांना जेवू घातलं. आपली परिक्रमा पुरी झाली, आता पलीकडे बेटावर जाऊन ओंकाराचं दर्शन घ्यायला हरकत नव्हती. तशी सगळी माणसं जातात. पुलावर गर्दी फार, म्हणून प्रसादाच्या दुकानदाराकडे तिनं काठ्या ठेवल्या आणि पिशवी खांद्याला लावून ती गेली. दर्शन झालं. मन भरून आलं. परत येताना पुलाच्या मधोमध कोणाचा तरी धक्का लागला आणि पिशवीतलं काहीतरी कमरेला टणक लागलं. तिनं हात घालून पाहिलं, तर लाल दोरा.

"माही परिक्रमा झाली होती, तिची कुठं झाली होती? अन् मी तिले घेऊन पल्याड गेली, पल्याडून आली. पुलावर तशीच उभी राह्यली. खालून पानी चाललं होतं. लोक म्हने, माई, चलो, चलो." तिनं लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "तवापासून थे माह्या मांगं चालून राह्यली, अंकुर. तिची परिक्रमा म्या मोडली."

 शेजारच्या विहिरीवरची मोटर तेवढी चालू होती.

"हे तुमी मले आत्ता सांगून राह्यल्या, काकू?" अंकुर हळू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, त्यानं माणिकबाईला जास्त लागलं. तो उठला आणि मांडवाकडे गेला. तिथं ती काठी दिसल्यावर तो थबकला. कोणाला न विचारता त्यानं वरची सुतळी सोडली, काठी उपटली आणि अंगठ्यानं शेंबीवरची माती काढू लागला. सहदेवभाऊ ओशाळले. "मले काय मालूम होतं, बाबू. खांब कमी पडला."

अंकुर काठी घेऊन परत आला. ती गुडघ्यावर आडवी धरून बसला. मग म्हणाला, "हे काठी कुठं होती तवा?"

"दुकानात."

"कोन्त्या काठाले?"

"ह्याच. दक्षिनेच्या."

"मंग काठीनं तं नाई ओलांडली."

"काठीनं नाई," माणिकबाई म्हणाली.

"अन् मनकर्णामावशीनंबी नाई ओलांडली," करिश्मा सासूमागून म्हणाली. "त्याहिची राख त्याच काठावर सोडली ना? बाटली गेली, आई. मावशी कुठं गेल्या? थ्या तं तिथंच हाय, पळसापाशी. तुमी पुढं निंगून आल्या अन् थ्या मांगं राह्यल्या, एवढंच झालं."

सून सहज बोलून गेली. माणिकबाईनं मात्र डोळे मिटून घेतले. पुलावरची चूक ती तीन आठवडे घोकत होती. हे दुसरं, मागं ठेवून आल्याचं, ती एकदाही मनात म्हणाली नव्हती.

अंकुरनं विचारलं, "पळसापासून ओंकारेश्वर, राह्यलं किती?"

"जास्त नाई. पायानं चाललं तं दहा-बारा दिवस."

"मी चालतो मंग. बाटलीतलं पानी तिथंच नदीत सोडू, नवं भरू, अन् तिथून काठी घेऊन चालतो. पन मले वाट कोन दाखवन?"

"मी हाय ना," माणिकबाई म्हणाली.

सहदेवभाऊ खाटेवरून उठलेच. "वैशाख लागला, पाह्यलं काय? चामडी सोलून निघन. अन् दोडके कोन तोडन?"

"तुमी. हिवाळाभर तुमीच तोडले ना? हात झडले काय मंग आत्ता?"

अंकुरला हसू आलं. आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

अकोल्याहून रेल्वेनं ते हरद्याला उतरले आणि ऑटोनं हंडियाला गेले. पळसाची फुलं कधीच झडली होती. आता त्याला मोठी, जाड पानं आली होती आणि तो ओळखूही येत नव्हता. माणिकबाईनं दोनदा वेगळंच झाड दाखवलं. मग बुंध्याशी तीन दगड दिसले, मनकर्णाबाई ज्यांच्यावर पाय ठेवून बसली होती ते. अंकुर तिथं बसला. उठवेपर्यंत उठला नाही. मग दोघं नदीवर गेले. जुन्या कुपीतलं पाणी त्यानं सोडलं, धुतली, नवं भरलं, लाल दोरा पुन्हा बांधला.

चालणं पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि परत ऊन उतरल्यावर. माणिकबाई पुढं, अंकुर मागं मायची काठी घेऊन. त्याचा पाय ओढत नव्हता, म्हणून ठोके सारखे पडत. टक्, टक्. पहिले काही दिवस माणिकबाईला तो आवाज ऐकून बरं वाटलं. हा खरा आहे, ह्याच्याकडे वळून बघता येतं. ती सारखी वळून बघे आणि अंकुर म्हणे, "हाय काकू, हाय. पऱ्हाटीची काडी नाई मी, वाऱ्यानं उडाले."

एके दिवशी मात्र ऊन चढायच्या बेताला पाणी संपलं. अंकुर म्हणाला, पुढं गाव दिसतं, मी भरून आणतो. तो तिला मागं टाकून झपाझप गेला. काठी त्यानं खांद्यावर आडवी टाकली होती, दोन टोकांना दोन बाटल्या अडकवून. माणिकबाईला तो पुढच्या वळणापर्यंत स्पष्ट दिसत होता. आणि तिच्या मागून आवाज आला. टक्, टिक्. टक्, टिक्. एक ठोका जोराचा, एक हलका.

तिचे पाय आपोआप पुढं पडत होते. सवयच होती. तू हो पुढं. चहा टाक. जागा धर. चार पावलं ती गेलीही. मग ती थांबली. वाटेच्या कडेला चिंचेची सावली होती आणि तिच्यात एक लांबट दगड. ती दगडाच्या अगदी टोकाला बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"ये, बाई," ती म्हणाली. "बसली मी. घाई नाई."

आवाज जवळ आला. तिनं मान वळवली नाही, पण ह्या वेळी भ्यायली म्हणून नव्हे. कोणी दमून येत असलं की त्याच्याकडे टक लावून बघू नये, त्याला लाज वाटते. आवाज दगडापाशी आला आणि थांबला. चिंचेचा पाला हलत नव्हता. सावली सरकून तिच्या पायांवरून निघून गेली आणि ऊन लागलं, तरी माणिकबाई बसून होती.

अंकुर आला तेव्हा त्यानं विचारलं, "पाय दुखून राह्यले काय, काकू?"

"नाई. थांबली होती जराशी."

अंकुरनं दगडाकडे पाहिलं. एवढा मोठा दगड, आणि काकू पडेल अशी टोकाला बसलेली, शेजारी एका माणसाची जागा सोडून.  पाण्याची बाटली त्यानं तिला दिली आणि दुसरी, झाकण उघडून, त्या रिकाम्या जागेवर ठेवली. मग दोघंही नदीकडे बघत बसले.

ओंकारेश्वरला अंकुरनं कुपी ममलेश्वराला वाहिली. माणिकबाई खांबाला टेकून उभी होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तू जाऊन ये पल्याड, आता तुले मोकळीक हाय. मी इथंच बसतो." तो गेला. ती घाटाच्या पायरीवर बसून पुलावरची माणसं बघत राहिली.

काठीचं काय करायचं, हे त्यांनी आधी ठरवलं नव्हतं. घरी न्यावी असं अंकुरला वाटत होतं, मायची एवढीच वस्तू उरली म्हणून. माणिकबाई म्हणाली, "ने ना. पन दाराआड उभी राहीन थे. तुही माय कधी दाराआड उभी राह्यली काय?" काठावरच्या एका आश्रमाच्या पडवीत, परिक्रमा झालेल्या लोकांनी सोडलेल्या काठ्या भिंतीला टेकून ठेवलेल्या असतात. दिवाळीनंतर नवीन लोक निघतात, तेव्हा ज्याला हवी तो उचलतो. अंकुरनं मायची काठी त्यांत ठेवली. दोन पावलं गेला, परत आला, शेंबी जमिनीला नीट टेकली आहे की नाही ते पाहिलं.

मावंदं झालं. दोन पानं देवापुढं वाढली. सहदेवभाऊंनी दोडक्याची भाजी स्वतः तोडून दिली आणि पंगतीत चारचौघांना ते सांगितलंही. मांडवात त्या रिकाम्या जागी आता माणिकबाईची काठी आहे, तिनंच दिली. वेल चढलाय.

आवाज आता येत नाही. पण विहीर ओलांडून बांधावर चढलं की माणिकबाई अजून एकदा थांबते. मागं बघत नाही, नुसती थांबते, कोणाला तरी पोचता यावं एवढा वेळ. करिश्मा सोबत असली की तीही टोपली कमरेवर घेऊन थांबते. मग दोघी पुढं जातात.